घर देवाचं, गळती आपली

गिदोनबापूंचे मी पहिल्यांदा फक्त पाय पाहिले.

जालन्याच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मी नगरहून शिक्षिका म्हणून आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारची गोष्ट. दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायला अजून दोनेक वर्षं होती. चर्चमध्ये पाळकसाहेब डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करीत होते. मीही डोळे मिटले होते, पण डोक्यावर माती पडली म्हणून वर पाहिलं, तर तक्तपोशीची एक फळी निघालेली आणि त्या फटीतून दोन अनवाणी पाय लोंबकळत होते. टाचांना भेगा, एका अंगठ्याला चिंधी. पाळकसाहेब 'आमेन' म्हणाले. मंडळी 'आमेन' म्हणाली. मग छतातूनही दणदणीत 'आमेन' आलं आणि त्यापाठोपाठ, "कुणीतरी शिडी लावा, सरकली हाय."

माझ्याखेरीज कुणीही दचकलं नाही. पुढच्या बाकावरचे दोघे उठले, शिडी लावली, आणि पायांच्या मागून हळूहळू उरलेला माणूस खाली आला. ठेंगणा, रुंद, पन्नाशीचा. धोतरावर कुण्या साहेबानं जाताना दिलेला जाड लोकरी कोट. त्या कोटाला सात खिसे होते आणि सातही फुगलेले. एकात खिळे, एकात सुतळी, एकात मेण, एकात खडू. बाकीच्यांत काय होतं ते मला अकरा वर्षांत कळलं नाही.

मिशनच्या कागदावर त्यांचा हुद्दा 'चर्चचा शिपाई' असा होता. झाडणं, घंटा वाजवणं, दिवे पुसणं एवढंच काम. पण बापूंनी ती सगळी इमारतच अंगावर घेतली होती. तिला ते 'म्हातारी' म्हणत. सकाळी आले की आधी भिंतीवर, मग खांबावर, मग दारावर बोटाच्या पेरानं टकटक करीत आणि कान लावून ऐकत. विचारलं तर सांगत, "आज म्हातारीच्या उजव्या बाजूत वारा धरलाय." भक्ती चालू असताना ते सहसा बसत नसत. मागे उभे राहून वर बघत. नवख्या माणसाला वाटे, काय हा भाविक माणूस, नजर सारखी स्वर्गाकडे. ती नजर कौलांकडे असे.

त्यांना वाचता येत होतं, पण पवित्र शास्त्रातले ठरावीक भागच ते वाचत. नोहाच्या तारवाची मापं, निवासमंडपाच्या पडद्यांची मापं, आणि शलमोनाच्या मंदिराची तर तोंडपाठ. एकदा माझ्यापाशी तक्रार केली, "बाई, समदं लिवलंय. सोनं किती, गंधसरूचं लाकूड किती, डाळिंबं कोरली ती किती. पन पावसाचं पाणी कुठून उतरत व्हतं ते न्हाई लिवलं. मंग ते मंदिर पडलं तर नवल काय?"

आणि कुणी इमारतीच्या खर्चाबद्दल कुरकुर केली, देवाच्या घराची काळजी देवच घेईल असं काही बोललं, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे: "घर देवाचं, गळती आपली."

ती इमारत होती मात्र मोठी नामी. आधीच्या पिढीतल्या साहेबांनी आपल्या गावाकडची आठवण ठेवून ती बांधली होती. काळ्या दगडाच्या जाड भिंती, अरुंद उंच खिडक्या, पश्चिमेकडे तोंड केलेलं एकच दार, आणि छप्पर इतकं उतरतं की माकडंही त्यावर जपून बसत. साहेबांच्या देशात बर्फ पडतो, तो घसरून जावा म्हणून अशी छपरं असतात, हे मी बापूंना सांगितलं. ते खूप वेळ छपराकडे बघत राहिले. जालन्याचा एप्रिल होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. म्हणाले, "बर्फ आलं तर आपली तयारी बराबर हाय."

मी आले त्या वर्षीच त्या इमारतीवर संकट आलं. मिशनच्या वरच्या कमिटीनं कळवलं की चर्चला येणारी माणसं फार कमी झाली आहेत आणि दुरुस्ती वाढत चालली आहे. तेव्हा इमारत बंद करून भक्ती शाळेच्या ओसरीवर घ्यावी, आणि चर्चच्या जागेला कापसाच्या गोदामासाठी मागणी आहे, तिचा विचार व्हावा. वर्षभरानं कमिटीचे साहेब येऊन पाहणार आणि ठरवणार होते.

हे पत्र पंचांच्या सभेत वाचलं गेलं. पंच म्हणजे पाळकसाहेब, मोठ्या मिसबाई आणि तीन वडील मंडळी. माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायला मी. पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी उपास-प्रार्थना सुचवली. मोठ्या मिसबाई शाळेच्या आणि एकंदर सगळ्याच्याच प्रमुख होत्या. उंच, ताठ, तीस वर्षं जालन्यात राहूनही उन्हाशी तडजोड न केलेल्या. त्या म्हणाल्या, "लोकांची श्रद्धा कमी झाली आहे." बापू सभासद नव्हते, ते दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "कुनी इचारलं का लोकांना?"

कुणीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बापू अंबडच्या बाजूला पायी निघून गेले. तिकडच्या खेड्यांत आमची बरीच शेतकरी कुटुंबं होती, पूर्वी गाड्या जुंपून भक्तीला येणारी. बापू आठवड्यानं धुळीनं माखून परत आले आणि थेट सभेत उभे राहिले.

"धर्माबद्दल कुनाचीच तक्रार न्हाई," ते म्हणाले. "तक्रार बुडाबद्दल हाय."

मिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी 'आसनव्यवस्थेबद्दल' असं लिहिलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाकांवर पाय लोंबकळत ठेवून बसलं की तासाभरात मुंग्या येतात, म्हाताऱ्यांना उठता येत नाही. बैल बांधायला सावली नाही. प्यायला पाणी नाही. लेकरू रडलं की सगळं देऊळ (चर्चला आमची माणसं देऊळच म्हणत) वळून आईकडे बघतं, आणि बाहेर जायचं तर एकच दार, तेही सगळ्यांच्या समोरून. म्हणून बायका येत नाहीत, बायका येत नाहीत म्हणून गाड्या निघत नाहीत. शेवटी म्हणाले, "आन् कबुतरं."

कबुतरांचा विषय जुना होता. वरच्या खिडक्यांत त्यांची वस्ती होती आणि प्रवचनाच्या पुस्तकावर, पाळकसाहेबांच्या खांद्यावर, एकदा तर एका नवरीच्या पदरावर त्यांनी आपली खूण ठेवली होती. बापूंना त्यांना हाकलायचं होतं. पाळकसाहेबांचं मन घेत नव्हतं. यार्देन नदीत आपल्या प्रभूवर पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरला, तेव्हा त्या पाखराला देवाच्या घरातून कसं हाकलायचं, असं ते म्हणत. त्या दिवशीही म्हणाले.

बापू नम्रपणे म्हणाले, "साहेब, तवा एकच व्हतं. इथं साठ हायेत."

सभेनं बहुमतानं जाळी बसवायचं ठरवलं.

जाळी बसवायला आणि पुढच्या सगळ्या उद्योगाला करीम मिस्त्री आले. मस्तगडच्या मोहल्ल्यात राहणारे, उतारवयाचे, गवंडीकामात जालन्यात त्यांच्या तोडीचा हात नव्हता. त्यांच्या वडिलांनी या चर्चचे दगड घडवले होते, त्यामुळे इमारतीवर आपलाही हक्क आहे असं ते धरून चालत. बापूंचं आणि त्यांचं दिवसभर भांडण चाले. बापूंना वाचून वाचून 'हात' हेच माप खरं वाटे. कोपरापासून बोटापर्यंत आपला हात लावून ते मोजत. मिस्त्री फूटपट्टी वापरत. पहिली जाळी चौकटीपेक्षा वीतभर लहान निघाली.

"बापू," मिस्त्री म्हणाले, "हजरत सुलेमान, म्हंजी तुमचे शलमोन, आमचेबी हायेत. पन त्यांचा हात तुमच्यापेक्षा लंबा व्हता."

त्यानंतर बापू माप सांगत आणि मिस्त्री न बोलता पुन्हा मोजत. असं त्यांचं जमलं.

बाकांचा प्रश्न लवकर सुटला. मागचे निम्मे बाक बापूंनी शाळेत नेऊन टाकले आणि तिथं सतरंज्या अंथरल्या. मिसबाई नाराज होत्या, पण शाळेला बाक हवेच होते. खरा झगडा झाला दारावरून. दक्षिणेकडच्या भिंतीत बायकांसाठी एक लहान दार पाडावं असं बापूंचं म्हणणं. मिसबाईंनी साफ नकार दिला. ज्या भिंती आपल्या लोकांनी देणग्या गोळा करून उभ्या केल्या त्या फोडायच्या नाहीत. वर त्यांनी शास्त्राचाच आधार दिला: "नोहाच्या तारवालाही एकच दार होतं, गिदोन."

"व्हय मिसबाई," बापू म्हणाले, "पन त्यातून कुनाला मधीच भाईर जायचं नव्हतं."

तरी नकार तो नकार. मी तसं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात दक्षिणेच्या भिंतीतला एक दगड निघालेला दिसला. बापूंनी खुलासा केला की वाळवीचा संशय आहे आणि हे तपासणीचं भोक आहे.

बापू खोटं बोलत नसत, हे इथं सांगायला हवं. इमारतीत वाळवी खरोखर होती. फक्त ती होती तिथं ते शोधत नव्हते.

त्या भोकाची प्रगती माझ्या इतिवृत्तात नोंदलेली आहे. पहिल्या महिन्यात 'एक दगड'. दुसऱ्यात 'तपास चालू'. तिसऱ्यात एक लहान मूल त्यातून रांगत बाहेर गेलं, त्याची आई त्याला आणायला दार ओलांडून वळसा घालून गेली, आणि येताना दोघंही भोकातून आली. चौथ्या महिन्यात मिस्त्रींनी वर कमानीचा दगड बसवला. हे कशाला, असं मिसबाईंनी विचारलं तेव्हा बापू म्हणाले, "तपासताना भिंत डोक्यावर पडू नये म्हून."

मधल्या काळात बापूंनी आवारात मांडव घातला होता. कडुनिंबाच्या मेढी, वर तुराट्या-पळाट्यांचं छत, खाली पाण्याचे चार रांजण, बैलांसाठी हौद. बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसं, कुठल्याही धर्माची, तिथं टेकू लागली. बापू कुणाला उपदेश करीत नसत. पाणी देत, आणि "रविवारीबी असतंय पानी," एवढंच म्हणत.

आता निजामाच्या राज्यात कुठलंही प्रार्थनेचं ठिकाण वाढवायचं तर वरून परवानगी लागे. कुणीतरी चुगली केली आणि भर उन्हाळ्यात, भर दुपारी तहसिलीतून एक पेशकार चौकशीला आले. काळी शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी, घामानं निथळत. मी शाळेच्या खिडकीतून पाहत होते.

"ये तामीर किसकी इजाजत से?" हे बांधकाम कुणाच्या परवानगीनं, म्हणून त्यांनी मांडवाकडे बोट दाखवलं.

"तामीर नै साब," बापू त्यांच्या परीनं उर्दूत म्हणाले, "सावली है."

पेशकारांनी मेढी हलवून पाहिली. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. भोक तेव्हा छातीपर्यंत आलं होतं.

"और ये?"

"तपासनी."

"किसकी?"

"दीमक की, साब."

"मिली?"

"ढूंढ रहे."

ऊन फार होतं. पेशकार मांडवात खाटेवर टेकले, टोपी काढली, दोन तांबे पाणी प्यायले आणि तिसरा डोक्यावर ओतून घेतला. वाऱ्याची झुळूक आली. अर्ध्या तासानं मी पाहिलं तर ते घोरत होते आणि बापू झावळीनं त्यांच्यावरच्या माशा वारत होते. उन्हं कलल्यावर उठले, गुडघ्यावर कागद ठेवून अहवाल लिहिला आणि निघून गेले. त्याची उर्दू नक्कल पुढे आमच्याकडे आली तेव्हा करीम मिस्त्रींनी वाचून दाखवली: जागेवर जाऊन पाहिलं, कसलंही बांधकाम आढळलं नाही, सावली चांगली आहे.

भिंतीचा निकाल मात्र मे महिन्यातल्या एका रविवारी लागला. त्या दिवशी देऊळ पूर्वीपेक्षा पुष्कळच भरलं होतं आणि हवा मुळीच नव्हती. मिसबाई पुढे पेटी वाजवायला बसल्या होत्या. दुसऱ्या गीताच्या मध्यावर सूर घसरत घसरत थांबले. त्या उभ्या राहिल्या, चेहरा पांढराफटक. मुख्य दारात उशिरा आलेल्यांची गर्दी होती. त्या वळल्या, दक्षिणेच्या भिंतीपाशी गेल्या आणि आपला तो ताठ देह कमरेत दुमडून तपासणीच्या भोकातून बाहेर पडल्या.

मी मागोमाग धावले. त्या मांडवात रांजणापाशी बसल्या होत्या. टोपी चुन्यानं भरलेली, कोपर खरचटलेलं. शेजारी एक खेडूत बाई लेकराला पाजत बसली होती. तिनं सरकून जागा दिली आणि पदरानं मिसबाईंना वारा घालायला लागली.

पुढच्या सभेत भोकाचा विषय निघायच्या आधीच मिसबाई म्हणाल्या, "ते अजून दोन फूट उंच पाहिजे." मी लिहून घेतलं.

कमिटीचे साहेब आले ते पावसाळा संपल्यावर. त्याआधी आठ दिवस बापूंना झोप नव्हती. कारण वाळवी सापडली होती. भिंतीत नाही, मधल्या तुळईत. बापूंनी पेरानं टकटक केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तुळई आतून पोकळ झाली होती. बदलायला वेळ नव्हता, सामान नव्हतं. करीम मिस्त्रींनी मधोमध एक जाडजूड टेकू उभा केला. पाळकसाहेबांना सुचलं की त्याला आंब्याची पानं आणि रंगीत कागद गुंडाळावेत, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताची शोभा वाटेल. शोभा आम्ही मुलींकडून करून घेतली. बापूंना ते आवडलं नव्हतं, पण ते गप्प बसले.

रविवारी पहाटेपासून अंबडच्या रस्त्यानं गाड्या येऊ लागल्या. दक्षिणेच्या दारातून बायका-पोरं आत-बाहेर करीत होती. मुख्य साहेब जरा उशिरा पोचले. बाक भरले होते. त्यांना कुणीतरी कडेला जागा करून दिली, तिथं बसलेल्या एका आजीनं "अजून जरा सरक, बाबा, माझी सून यायची हाय," म्हणून त्यांना कोपरानं ढकललं, आणि साहेब मुकाट्यानं उठून सतरंजीवर येऊन बसले. मांडी घालता येईना, पाय पुढे पसरता येईनात. असे अवघडून त्यांनी पूर्ण दोन तास काढले. भक्ती संपल्यावर बापूंनी एका बाजूनं आणि मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना उभं केलं.

लंगडत ते मधोमध आले आणि त्या नटवलेल्या खांबावर हात ठेवून कौतुकानं म्हणाले, "हे फार सुंदर. हा कुठला सण?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. मिसबाईंनी छताकडे पाहिलं. त्या क्षणी कुणीही काहीही बोललं असतं तरी निभावलं असतं. बापू म्हणाले, "सण न्हाई साहेब. टेकू हाय. तुळई वाळवीनं खाल्ली. हा काढला तर छप्परबी आपल्यासंगं भक्तीला बसंल."

साहेबांनी हात हळूच काढून घेतला.

मला वाटलं, झालं. गोदाम. पाळकसाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. साहेबांनी वर बघितलं, भोवती बघितलं. माणसं अजून निघत नव्हती. मांडवात भाकऱ्या सोडल्या जात होत्या, कुठं लग्नाच्या बोलाचाली चालल्या होत्या. मग ते बापूंकडे वळले. त्यांचं मराठी पुस्तकी होतं.

"मला कळवले होते की ही इमारत रिकामी असते," ते म्हणाले. "मला बसावयास जागा मिळाली नाही."

"आम्हाला म्हाईत असतं तर बाक शाळेत नेले नसते," बापू म्हणाले. ते खरंच ओशाळले होते.

तुळई दोन महिन्यांत बदलली गेली. गोदामाचं पत्र पुन्हा कधी आलं नाही.

यानंतरची लढाईची वर्षं आमच्याकडे महागाईत आणि रॉकेलच्या रांगांत गेली. मोठ्या मिसबाई लढाई संपल्यावर मायदेशी परतल्या. जाताना त्यांनी बापूंना आपली फूटपट्टी दिली. बापूंनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि मोजायला हातच वापरत राहिले.

मग निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने आले. त्या दिवसांबद्दल हसून लिहिता येत नाही, आणि फार लिहावंसं वाटतही नाही. खेड्यापाड्यांत हत्यारबंद टोळ्यांची धास्ती होती. रात्री-बेरात्री घरं सोडून माणसं शहराकडे येत. उन्हाळ्यात अंबडकडची पंधरावीस कुटुंबं, बहुतेक हिंदू शेतकऱ्यांची, बापूंनी चर्चमध्ये उतरवली. कुणाला विचारलं नाही. सतरंज्या अंथरल्या आणि भांडणं नकोत म्हणून खडूनं फरशीवर चौकोन आखून प्रत्येक घराची जागा नेमून दिली. रविवारी चौकोनांतल्या चौकोनांत सरकून भक्ती होई. ज्यांना ऐकायचं नसे ते मांडवात विड्या ओढत.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि राज्य गेलं. लोकांनी साखर वाटली. पण चार दिवसांत भीतीनं घर बदललं. आता मस्तगडच्या मुसलमान गल्ल्यांतून दारं बंद होऊ लागली. एका सकाळी करीम मिस्त्री, त्यांची बायको, सून आणि तीन नातवंडं आवारात आली. मिस्त्रींच्या हातात फक्त थापी होती. ती त्यांनी का उचलली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बापूंनी त्यांना व्यासपीठामागच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "मिस्तरी, बरं झालं आलात. मागल्या अंगाची कौलं उतरवून ठिवलीत. तुमचीच वाट बघून राह्यलो."

दुपारी आठदहा जण फाटकाशी आले. हातांत काठ्या, एकाकडे कुऱ्हाड. मी शाळेतून धावत आले होते आणि ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. पुढं जायची माझी हिंमत झाली नाही. पाळकसाहेब फाटकाजवळ हात जोडून उभे होते. आत कोण आहे, असं त्यांतला एक विचारीत होता.

बापू घमेलं घेऊन बाहेर आले. "माझा मिस्तरी हाय आत," ते म्हणाले. "त्याचं बिऱ्हाड हाय. काहून?"

त्याला बाहेर काढा, असं ते म्हणाले.

"काढतो की," बापू म्हणाले. "पन छप्पर अर्धं उघडं हाय आन् वर ढग भरून आलेत. त्याला न्याल तर वर चढायचं कुनी? तू चढतूस?" त्यांनी कुऱ्हाडवाल्यासमोर घमेलं धरलं. तो मागं सरला. बापूंनी मग एकेकाचा चेहरा नीट पाहिला आणि शेवटल्या तरुणापाशी थांबले. "तू रंगनाथचा पांडू न्हाई का? उन्हाळ्यात आल्तास. तुझी माय, दोन बहिनी."

त्यानं काठी पाठीमागं घेतली.

"ये, तुझी जागा दाखवतो," बापू म्हणाले. त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला दारापर्यंत नेलं. फरशीवर खडूच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या. "ही तुमची. दोन महिने झोपलास हितं. तवाबी लोक फाटकावर आल्ते इचारायला, आत कोन हाय म्हून. तू झोपेत व्हतास. मी काय सांगितलं असंल त्यास्नी?"

पांडू त्या रेघेकडे बघत उभा राहिला. मग वळला आणि बाकीच्यांकडे न बघता फाटकातून बाहेर निघून गेला. थोड्या वेळानं एकेक करून बाकीचेही गेले. कुऱ्हाडवाला शेवटी. जाताना त्यानं फाटक लावून घेतलं, हे मला अजून आठवतं.

बापू मटकन पायरीवर बसले. मी पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, खडू संपत आलाय. शाळेतला थोडा द्या." तेवढ्यात मिस्त्री शिडी घेऊन बाहेर आले, वर ढगाकडे पाहिलं आणि बापूंना म्हणाले, "बैठे क्या? कौलं द्या." संध्याकाळपर्यंत मागचं छप्पर झालं. पाऊस आलाच नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस माझी बदली झाली. निघाले त्या दिवशी बापू मुद्दाम फाटकाशी आले, माझी वळकटी टांग्यात ठेवली आणि टांगा सुटल्यावरही चाकाशेजारून चालत राहिले. आवारात त्या दिवशी एक लग्न होतं; वाजंत्री वाजत होती.

कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी टांगेवाल्याला हातानं थांबवलं. "बाई," ते म्हणाले, "एक गोष्ट तुमाला कवाची सांगायची व्हती. कुनाला बोललो न्हाई आजवर. ती अशी की..."

"बापू," फाटकातून कुणीतरी हाक मारली, "नवरदेव आला. घोडा मांडवात घालून राह्यलेत."

बापूंनी मागं पाहिलं. "थांबा, आलो," म्हणाले, धोतराचा सोगा खोचला आणि त्या वयात अक्षरशः पळत गेले.

आम्ही थांबलो. मला टांग्यातून दिसत होतं: बापूंनी घोड्याचा लगाम धरला होता आणि दुसरा हात वर करून नवरदेवाला मांडवाची उंची समजावून सांगत होते. नवरदेव बाशिंग सावरत खोगिरावरून खाली वाकला होता आणि लक्ष देऊन ऐकत होता. वाजंत्रीही थांबली होती.

"थांबू काय बाई, अजून?" टांगेवाल्यानं विचारलं.

गाडीची वेळ होत आली होती.

"नको," मी म्हटलं, "चला. त्यांना आता वेळ लागेल."